कॉन्व्हेंटला टाकलं तेव्हापासून पोट्ट्याचं पोट दुखते

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट, कापसाची वेचणी जोरात होती. पोरांच्या अडचणी घेऊन येणाऱ्या आईवडिलांशी बोलायला तालुक्याच्या गावी मी आठवड्यातून दोन दिवस बसते, वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे कोणी फिरकत नाही, आणि अशात कोणी रोजी बुडवून आलंच तर समजायचं की घरात पाणी डोक्यावरून गेलंय.

आई, वडील आणि नऊ वर्षांचा पोट्टा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला की याचं पोट दुखायला लागतं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, काही निघालं नाही. रविवारी पोट ठणठणीत. वडिलांचा प्रश्न मात्र पोटाबद्दल नव्हताच, आणि हा प्रश्न मला वर्षभर कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, झेडपीतून काढून कॉन्व्हेंटले टाकला, चुकलं का आमचं? का थोडे दिवस मारूनमुटकून धाडला त सुधरन?"

झेडपीत तिसरी पास झालेला पोरगा कॉन्व्हेंटने पुन्हा तिसरीतच बसवला होता. फी 18 हजार, व्हॅनचे वेगळे, सोयाबीन विकून भरले.

मी त्याला इंग्रजीचं पुस्तक दिलं, त्यानं धडा घडाघडा वाचला. अर्थ विचारला तर चूप. तेवढ्यात आई म्हणाली, "वेचणीचा हिशोब हाच लिहिते जी, बायायले चुकारा याच्याच वहीतून होते." मग मी विचारलं, किलोमागं 8 रुपये, एका बाईनं 37 किलो वेचला, तर किती? छताकडे पाहिलं आणि म्हणाला 296. तसाच हिशोब त्याच्या गणिताच्या पुस्तकात होता, 8 रुपयांचा एक पेन, असे 37 पेन, फक्त इंग्रजीत. तो दाखवल्यावर पोट्ट्याचा हात हळूच पोटावर गेला.

वडिलांनी ते पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मी वावरात मेलो मॅडम, यानं मरू नये एवढंच."

आपल्याकडे शाळा कशासाठी याचं बहुतेक घरातलं उत्तर हेच आहे, वावरातून बाहेर पडण्यासाठी. समजण्यासाठी, हिशोबासाठी, कोणाला चार प्रश्न विचारता यावेत यासाठी, हे सगळं नंतर. मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, इथून जवळच वर्ध्याला 1937 च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी शिक्षण परिषद घेतली होती, सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि हातच्या कामातून, असा विचार मांडला होता, तुमच्या पोराचा वेचणीचा हिशोब म्हणजे तेच की. तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं! "म्हंजे फिरून वावरातच ना? मोठ्या लोकायचे पोरं इंग्लिश शिकन आन आमचे सूत कातन?"

मला उत्तर सुचलं नाही. माझा स्वतःचा मुलगा इंग्रजी शाळेत शिकला, मी कोणत्या तोंडानं सांगणार. तेच त्यांना सांगून टाकलं, आणि हेही सांगितलं की माझ्या घरी न समजलेला धडा मराठीत समजावून द्यायला मी होते, तुमच्या पोराला तिथं कोणी नाही. 2020 च्या नव्या शैक्षणिक धोरणातही शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवावं असंच म्हटलंय, पण धोरण काही व्हॅन घेऊन दारात येत नाही.

मारूनमुटकून धाडू नका, हे मी स्पष्ट सांगितलं. पोट खरंच दुखतं, तो नाटक करत नाहीये, जे समजत नाही त्यात रोज सहा तास बसायची भीती पोटात उतरते. संध्याकाळी "काय शिकवलं" विचारण्यापेक्षा "आज काय समजलं नाही" विचारा, आणि शाळेत जाऊन बाईंना म्हणा की याला उत्तर आधी मराठीत सांगू द्या. शाळा बदलायची की नाही ते उन्हाळ्यात ठरवू, आत्ता वर्षाच्या मध्ये उपटू नका.

उठता उठता मी धाकटीचं विचारलं, ती गावच्या अंगणवाडीत. मग झेडपीच्या शाळेवर वडील सुरूच झाले, दोन सर, त्यातले एक सदा इलेक्शनच्या कामाले. (तसं 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शिक्षकांना शिकवण्याबाहेरची कामं लावायला मनाई केलीय, पण निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला लावायची मुभा आहेच, त्यामुळे सर तरी काय करतील.) मी म्हटलं त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीही आहे, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बाया, शाळेचा विकास आराखडा तुम्ही करायचा, अनुदान कशावर खर्च झालं ते तुम्ही पाहायचं. तर इतका वेळ चूप बसलेली आई म्हणते, "माझं नाव हाय जी त्यात. सर रजिस्टर घरीच आणते, मी सही करतो."

नवरा तिच्याकडे पाहतच राहिला. त्याला माहीतच नव्हतं.

फेब्रुवारीत तिचा फोन आला होता. पोट आता सोमवारीच दुखते म्हणाली, कॉन्व्हेंटच्या बाई बऱ्या निघाल्या, मराठीत उत्तर ऐकून घेतात. आणि रजिस्टर घरी आलं तेव्हा तिनं सही करायच्या आधी सरांना ते वाचून दाखवायला लावलं, सरांना जरा रागच आला.

आता धाकटी पहिलीत जायची आहे. वडिलांनी कॉन्व्हेंटचा फॉर्म आणून ठेवलाय, आईनं अजून त्यावर सही केलेली नाही.