चित्र खोटे आहे हे माहीत असूनही

वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेली पाचही पत्रे दिसण्याविषयी आणि त्यावरून स्वतःची किंमत ठरवण्याविषयी आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या पत्रांतील प्रश्नांचे मूळही तेथेच आहे.

प्रश्न : जाहिरातींसाठी काढलेल्या छायाचित्रांवर संगणकावर सफाई करणे हा माझा व्यवसाय आहे. मॉडेलच्या चेहऱ्यावरचे डाग पुसणे, कंबर बारीक करणे, डोळ्यांखालची काळी वर्तुळे घालवणे हे मी रोज करते. ही चित्रे किती खोटी असतात हे माझ्याइतके कोणाला ठाऊक असणार? तरीही काम संपवून आरशात पाहिले की स्वतःचा चेहरा थकलेला आणि ओबडधोबड वाटतो. सगळे कळत असूनही असे का होते? (वय 31)

उत्तर : खरे काय ते सांगितले की माणूस सावध होतो, अशी आपली एक भाबडी समजूत असते. या समजुतीवर काही देशांनी कायदेही केले आहेत. फ्रान्समध्ये 2017 पासून, जाहिरातीतील मॉडेलचा बांधा संगणकावर बदललेला असेल तर तशी सूचना चित्रावर देणे बंधनकारक आहे. नॉर्वेने 2021 मध्ये तसाच कायदा संमत केला आणि समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन जाहिरात करणाऱ्यांनाही तो लागू केला. ग्राहकाला फसवू नये हा हेतू योग्यच आहे. परंतु अशा सूचनेने पाहणाऱ्याच्या मनातील कमीपणा घटतो का, हे संशोधकांनी अनेकदा तपासले तेव्हा बहुतेक प्रयोगांत तो घटलेला आढळला नाही. उलट कोणता अवयव बदलला आहे हे सूचनेत लिहिले असेल, तर लोक नेमके त्याच अवयवाकडे अधिक निरखून पाहतात असेही दिसून आले.

यामागचे कारण असे की सूचना 'हे खरे आहे का' या प्रश्नाचे उत्तर देते, आणि चित्राने तो प्रश्न कधी विचारलेलाच नसतो. चित्र फक्त 'असे असावे' एवढे सांगत असते, आणि जे अस्तित्वात नाही तेही माप म्हणून वापरता येते. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी 1954 मध्ये मांडले होते की स्वतःची पारख करण्याची ओढ माणसाला असतेच, आणि मोजण्याचे वस्तुनिष्ठ साधन हाताशी नसेल तेथे तो इतरांशी तुलना करून ती भागवतो. उंची पट्टीने मोजता येते; आपला चेहरा पुरेसा चांगला आहे की नाही हे मोजण्याची पट्टी कोणाकडेच नाही. म्हणून समोर जो चेहरा येईल त्याच्याशी मन ताडून पाहते, आणि 'पण हे चित्र तर मीच तयार केले आहे' हा विचार त्यानंतर येतो. तोवर जी खंत वाटायची ती वाटून गेलेली असते.

तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. नजर ज्या शरीरांना सरावते तीच तिला सर्वसाधारण वाटू लागतात. काही मिनिटे केवळ कृश शरीरांची चित्रे पाहिली तरी 'सर्वसामान्य बांधा' कशाला म्हणायचे याचा अंदाज सरकतो, हे प्रयोगांत दिसलेले आहे. तुम्ही तर दिवसाचे कित्येक तास दोष शोधण्यासाठीच चेहरे पाहता. ही कमावलेली नजर कामाची वेळ संपली म्हणून मिटत नाही, आणि आरशासमोर उभे राहिल्यावर तिला दोष सापडले नाहीत तरच नवल.

दोष शोधून दाखवणे हा जाहिरात व्यवसायाचा जुनाच उद्योग आहे. लिस्टरिन हे द्रव्य 1879 मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळचे जंतुनाशक म्हणून तयार झाले होते. 1920 च्या दशकात अमेरिकेत त्याच्या जाहिराती आल्या त्या मुखदुर्गंधीच्या, आणि त्यासाठी कंपनीने वैद्यकातील एक अपरिचित संज्ञा घरोघरी नेली. त्या जाहिरातींत एखादी रूपवान तरुणी अविवाहित राहिलेली असे. तिला त्याचे कारण कळत नसे आणि जिवलग मैत्रीणही ते तिला सांगत नसे. त्याआधी 1915 मध्ये जिलेट कंपनीने स्त्रियांसाठी वेगळा वस्तरा बाजारात आणला. बाह्या नसलेल्या पोशाखांची चाल तेव्हा सुरू झाली होती, आणि काखेतील केस ही त्या काळच्या जाहिरातींत स्त्रीने लाज बाळगण्याची गोष्ट झाली. दोन्ही ठिकाणी उपाय विकण्याआधी उणीव पटवून द्यावी लागली. शिवाय ती उणीव इतरांच्या डोळ्यांनी पाहिलेली होती, आणि हा या तंत्रातील सर्वांत चलाख भाग आहे. एकट्याला काखेतल्या केसांचा काही त्रास नसतो. कोणीतरी पाहील या भीतीने तो सुरू होतो. ही भीती एकदा रुजली की पुढचे काम जाहिरातदाराला करावे लागत नाही. 'किती सुटलीस!', 'काळवंडलास की रे', 'या वयात हा रंग शोभतो का?' असे म्हणणारे आप्तेष्ट ते फुकट करतात, आणि बहुतेक वेळा प्रेमापोटीच करतात.

सौंदर्याची कल्पना माणसाच्या स्वभावातच असते, ती बाहेरून येत नाही, असे म्हणणाऱ्यांनी फिजीतील एक अभ्यास पाहावा. तेथील नद्रोगा प्रांतात 1995 मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. धष्टपुष्ट शरीराचे कौतुक करणारा तो समाज होता. अ‍ॅन बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम उलटी काढतो असे पहिल्या पाहणीत एकाही मुलीने सांगितले नव्हते. तीन वर्षांनंतर 11.3 टक्के मुलींनी ते सांगितले. पाहणीतील मुली थोड्याच होत्या आणि दूरचित्रवाणीबरोबर समाजात इतरही बदल होत होते, हे मान्य करूनही हा आकडा विसरता येण्याजोगा नाही.

आता तुम्ही काय करावे? स्वतःला पुन्हा पुन्हा पटवत बसण्यापेक्षा नजरेसमोर येणाऱ्या चित्रांचे प्रमाण कमी करणे अधिक उपयोगी पडते. कॅनडातील एका प्रयोगात, मनःस्वास्थ्याच्या तक्रारी असलेल्या 17 ते 25 वयोगटातील विद्यार्थ्यांपैकी काहींना समाजमाध्यमांचा वापर दिवसाला एका तासावर आणण्यास सांगितले गेले. तीन आठवड्यांत आपल्या रूपाविषयीचे त्यांचे मत, वापर कमी न करणाऱ्यांच्या तुलनेत, सुधारले. तुम्हाला व्यवसाय सोडता येणार नाही. परंतु कामाबाहेरच्या वेळेत तरी जेथे चेहऱ्यांचीच रांग असते अशी खाती बंद करता येतील. ज्या चेहऱ्यांचा तुम्हाला संपादक व्हायचे नाही, असे कुटुंबातले, मैत्रिणींचे, प्रवासातल्या अनोळखी माणसांचे चेहरे जवळून पाहण्याची संधीही घ्या. सरावाने बिघडलेली नजर सरावानेच सुधारते.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी फिल्टर लावल्याशिवाय स्वतःचे एकही छायाचित्र कोणाला पाठवत नाही. आता तिला सुरकुत्या घालवणारे सीरम हवे आहे. मी नाही म्हटले की रडारड होते. वडील म्हणून मी नेमके काय बोलावे? (वय 45)

उत्तर : सीरमचा निर्णय सोपा आहे. वाढत्या वयाच्या त्वचेसाठी बनवलेल्या रेटिनॉलसारख्या घटकांची मुलांना गरज नसते आणि त्यांनी कोवळ्या त्वचेचा दाह होऊ शकतो, एवढे सांगून नकारावर ठाम राहावे.

फिल्टरचे तसे नाही. त्यावर बंदी घालून तुम्ही केवळ तिच्या फोनमधून ते काढाल. मैत्रिणींच्या फोनमध्ये ते राहीलच. तिच्या वयात समवयस्कांचा दाब हा जाहिरातीपेक्षा जवळचा असतो, कारण जाहिरातीतील मॉडेल तिला नाव घेऊन काही म्हणत नाही, वर्गातील मुली म्हणतात. इन्स्टाग्रामचे अंतर्गत संशोधन 2021 मध्ये उघड झाले, त्यात शरीराविषयी आधीच वाईट वाटत असलेल्या किशोरवयीन मुलींपैकी 32 टक्के मुलींनी इन्स्टाग्राममुळे ते अधिक वाढते असे सांगितले होते. त्या आकड्याचा लावला गेलेला अर्थ कंपनीला मान्य नाही. पण आधीच दुखावलेले मूल अधिक दुखावते हे समजण्यासाठी घरातल्या माणसाला आकड्याची गरज पडू नये.

काय बोलावे यापेक्षा घरात काय बोलले जाते ते आधी आठवडाभर ऐका. घरातली मोठी माणसे स्वतःच्या पोटाविषयी, केसांविषयी काय म्हणतात? पाहुण्यांची चर्चा त्यांच्या जाडीपासून सुरू होते का? मुलीचे कौतुक करताना 'छान दिसतेस' यापलीकडे तुम्ही शेवटचे काय म्हणाला होतात? मुले उपदेश विसरतात आणि अशी वाक्ये लक्षात ठेवतात. शक्य झाल्यास एखादी जाहिरात तिच्याबरोबर बसून पाहा आणि यात कोणती उणीव दाखवली आहे, ती कोणाला जाणवते आहे, हे तिलाच शोधू द्या. या वयात फसवले जाणे मुलांना अजिबात आवडत नाही. त्या स्वाभिमानाचा उपयोग करून घ्यावा.

प्रश्न : हे सगळे स्त्रियांपुरतेच असते असे लिहिले जाते. मी दोन वर्षे व्यायामशाळेत घाम गाळतो आहे, तरी माझे दंड भरत नाहीत. मित्र चेष्टा करतात. पावडर झाली, आता इंजेक्शने घ्यावीत असे कोणी सुचवले आहे. (वय 22)

उत्तर : इंजेक्शने घेऊ नका. स्टिरॉइड बाहेरून घेतल्यास शरीर स्वतःचे टेस्टोस्टेरॉन तयार करणे कमी करते, आणि हृदयावर व प्रजननक्षमतेवर होणारे परिणाम औषध थांबवल्यावर लगेच जातातच असे नाही.

पुरुषांविषयीची तुमची तक्रार रास्त आहे. हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये जी. आय. ज्यो या खेळण्यातल्या सैनिकाची मापे घेतली होती. बाहुला माणसाएवढा उंच झाला असे धरले, तर 1964 मधील बाहुल्याचा दंड सुमारे 12 इंच भरतो आणि 1998 मधील एका आवृत्तीचा जवळपास 27 इंच. बाहुल्याशी खेळणाऱ्या मुलाने ही तुलना मनात ठेवून केली नसेल, पण पुरुषाचे शरीर कसे असावे याची कल्पना त्याच काळात त्याच दिशेने फुगत गेली. दोन वर्षांत तुम्ही किती वजन अधिक उचलू लागलात, झोप सुधारली का, दम कमी लागतो का, याची नोंद ठेवा. चेष्टा करणाऱ्या मित्रांपैकी किती जण त्यात तुमची बरोबरी करतील, हेही पाहता येईल.

प्रश्न : नटण्याची हौस माणसाला अनादिकाळापासून आहे. मग आजच्या मुलींनी लिपस्टिक लावली की लगेच त्यांना जाहिरातींचे बळी का म्हणायचे? (निवृत्त शिक्षिका)

उत्तर : म्हणू नये. नटण्यात आनंद असतो, आणि तो हिरावून घेणारा उपदेश हाही एक सामाजिक दाबच आहे. फरक करायचा तो नटणे आणि सतत स्वतःवर पहारा ठेवणे यांत. बार्बरा फ्रेडरिकसन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बंद खोलीत आरशासमोर पोहण्याचा पोशाख घालून गणिते सोडवणाऱ्या तरुणींची कामगिरी स्वेटर घातलेल्या तरुणींहून खालावली. तरुणांच्या बाबतीत तसा फरक पडला नाही. खोलीत त्या एकट्याच होत्या, तरी त्यांच्या लक्षाचा एक हिस्सा आपण कशा दिसतो यात गुंतून राहिला. लिपस्टिक लावून झाल्यावर तिचा विसर पडत असेल, तर चिंतेचे काही कारण नाही.

प्रश्न : माझे नाक वाकडे आहे. घरचे म्हणतात की तसे काही नाही, पण कार्यालयात सगळे माझ्या नाकाकडेच पाहत बोलतात हे मला स्पष्ट दिसते. फोनवर काढलेल्या छायाचित्रांतही ते दिसते. सकाळचा खूप वेळ आरशासमोर जातो, आणि बैठका मी टाळू लागले आहे. शस्त्रक्रियेसाठी पैसे साठवले आहेत. करून घ्यावी का? (वय 26)

उत्तर : छायाचित्राचा पुरावा आधी बाजूला ठेवा. फोन हातभर अंतरावर धरला की नाक कॅमेऱ्याला इतर चेहऱ्यापेक्षा बरेच जवळ येते आणि मोठे उमटते. साधारण एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात ते पाच फुटांवरून काढलेल्यापेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसते, असे 2018 मध्ये अमेरिकेतील शल्यविशारदांनी गणिताने दाखवले आहे.

सहकाऱ्यांच्या नजरेविषयीही एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी 1980 मध्ये काही जणींच्या चेहऱ्यावर रंगभूषेने व्रण रंगवला, तो त्यांना आरशात दाखवला, आणि व्रण सुकू नये म्हणून मलम लावतो असे सांगून त्यांच्या नकळत तो पुसून टाकला. मग त्यांना अनोळखी व्यक्तीशी बोलायला पाठवले. परत आल्यावर, समोरची व्यक्ती व्रणामुळे अवघडली होती असे त्यांनी सांगितले. ज्यांच्या चेहऱ्यावर खरोखर व्रण असतो त्यांना टक लावून पाहणारी माणसे भेटतातच, तेव्हा या प्रयोगातून भेदभाव काल्पनिक आहे असा अर्थ कोणी काढू नये. परंतु आपल्यात व्यंग आहे अशी खात्री असेल, तर साध्या नजरेतही त्याचा पुरावा सापडतो, एवढे यातून नक्की दिसते.

तुमच्या पत्रात मला नाकापेक्षा आरशासमोर जाणारा वेळ आणि टाळलेल्या बैठका अधिक काळजीच्या वाटतात. इतरांना न दिसणाऱ्या किंवा किरकोळ वाटणाऱ्या दोषाचा असा ध्यास लागणे हा एक ओळखीचा मानसिक विकार असू शकतो, आणि तो असेल तर शस्त्रक्रियेने बहुधा समाधान मिळत नाही. तक्रार तशीच राहते किंवा दुसऱ्या अवयवाकडे वळते. तो आहे की नाही हे पत्रावरून ठरवता येणार नाही, म्हणून शल्यविशारदाची वेळ घेण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि आरशासमोर किती वेळ जातो, काय काय टाळले जाते, हे त्यांना जसेच्या तसे सांगा. या विकारावर विचार आणि वर्तन यांवर काम करणारी उपचारपद्धती व काही औषधे उपयोगी पडतात. साठवलेले पैसे तोवर बँकेत राहू द्यावेत.