बावन्न हजार नक्की कशाचे?

पुण्यात सिंहगड रोडला राहणाऱ्या एका ताईंनी गेल्या रविवारी सासऱ्यांचा डेस्कटॉप रीसेट केला. फार हळू चालतो, जरा मोकळा करून देऊ, एवढाच हेतू. पण ‘सगळं काढून टाका’ आणि ‘सर्व ड्राइव्ह’ हे दोन्ही पर्याय निवडले गेले. सासऱ्यांनी अकरा वर्षं जमवलेला घराण्याचा कुलवृत्तांत, घरचे फोटो आणि आर्थिक कागदपत्रं त्यात होती. डेटा रिकव्हरीवाल्याने दोन्ही डिस्कचे मिळून ५२,००० रुपये अधिक जीएसटी सांगितलेत. त्यासाठी नवऱ्याला न सांगता स्वतःची एक लाखाची एफडी मोडावी, की दहा हजारांची एसआयपी पाच महिने थांबवावी, असं त्या विचारतात.

ताई, एफडी की एसआयपी हे आधी निकालात काढतो, कारण खरा प्रश्न तो नाहीच. मुदतीआधी एफडी मोडली तर बँका साधारण अर्धा ते एक टक्का व्याज कापतात. एक लाखावर वर्षाला फार तर हजाराचं नुकसान. एसआयपीचे पाच हप्ते चुकले तरी आभाळ कोसळत नाही. रिकव्हरीवाल्याने ‘कार्डावर ईएमआय करून देतो’ म्हटलंय, तेवढं मात्र नको. तो हप्ता थकला तर कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के लागतं.

जीएसटी धरून आकडा होतो ६१,३६०. एवढे पैसे मोजून हातात काय पडणार, ते बघू.

तुमच्या पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात त्या दोन गोष्टी मला सगळ्यात मोलाच्या वाटल्या. एक, या डेस्कटॉपमध्ये दोन डिस्क आहेत: २०२० साली बसवलेली २४० जीबीची एसएसडी (चिपवर साठवणारी नव्या पद्धतीची डिस्क), म्हणजे सी ड्राइव्ह, आणि मूळची एक टीबीची जुनी हार्ड डिस्क, म्हणजे डी. दोन, रीसेटला ‘पाऊण तासभर’ लागला.

एसएसडीवरची फाइल पुसली की विंडोज त्या डिस्कला कळवतं की अमुक जागा आता मोकळी झाली. मग डिस्क स्वतःच, कुणी न सांगता, ती जागा आतून झाडून घेते. याला ट्रिम म्हणतात. एकदा ते झालं की कितीही मोठी लॅब असो, हाती फारसं काही लागत नाही. त्यातून रविवारपासून सासरे त्याच मशीनवर कीर्तनं ऐकतायत, म्हणजे आठवडाभर ती डिस्क चालूच आहे. सी ड्राइव्हवरचं गेलं असंच धरून चला. त्याच्यासाठी एक रुपयाही देऊ नका.

जुन्या हार्ड डिस्कचं तसं नसतं. तिथे साध्या रीसेटमध्ये सोसायटीच्या जिन्याखालचा नावांचा बोर्ड तेवढा पुसला जातो, माणसं आपापल्या फ्लॅटमध्येच असतात. नवी माणसं राहायला आली तरच जुनी बाहेर पडतात. आता तुमचा तो पाऊण तास बघा. एक टीबीची हार्ड डिस्क खरोखर इथून तिथून पुसून काढायला, सेकंदाला दीडशे एमबी असा चांगला वेग धरला तरी, दोन तासांच्या आसपास लागतात. तुमचं सगळं काम पाऊण तासात उरकलं. म्हणजे ‘ड्राइव्ह पूर्ण साफ करा’ हा पर्याय चालला नाही. डीवरचा मजकूर बराचसा जागेवर असावा. एकच मेख: डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे सांकेतिक कुलूप लावून बंद, केलेली असेल तर रीसेटबरोबर किल्लीही जाते, मग काही चालत नाही. तुमच्या विंडोज १० च्या जुन्या असेंबल्ड मशीनवर ते कुणी मुद्दाम केलं असण्याची शक्यता कमी, तरी विचारून घ्या.

म्हणून आधी डेस्कटॉप बंद करा. कीर्तनं मोबाइलवर.

आता कुठल्या डिस्कवर काय होतं, ते तुम्ही नाही, सासरेच सांगू शकतात. तुम्ही लिहिलंय की ते ‘जाऊ दे गं’ म्हणाले आणि विषय संपवला. संपवू देऊ नका. चहा घेऊन शेजारी बसा आणि एक-एक फोल्डर आठवायला लावा. तुमच्या पत्रावरून मला दिसतं ते असं: कुलवृत्तांत आणि फोटो डीवर, तर गुंतवणुकीची एक्सेल आणि स्कॅन केलेली बिलं डेस्कटॉपवर, म्हणजे सीवर.

गंमत अशी की पैशांच्या हिशेबाने सगळ्यात महागडा कागद नेमका त्या न परतणाऱ्या डिस्कवर होता. गुंतवणुकीची एक्सेल तो कागद नव्हे, ती एका दुपारी पुन्हा उभी राहते. रिटर्न, २६एएस आणि एआयएस (कापलेल्या कराचे आणि उत्पन्नाचे तपशील) इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर आहेत. म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट कॅम्स किंवा केफिनटेककडून पॅन आणि ईमेल टाकून फुकट येतं, डीमॅटचं एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडून. पॉलिसीची दुसरी प्रत मिळते. घराची इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, नोंदणी विभागाच्या साइटवर शोधता येते. याचे पैसे कुणाला द्यायचे नाहीत.

महागडी आहेत ती २००९ सालच्या घरदुरुस्तीची बिलं. खोली वाढवली, सगळं वायरिंग-प्लंबिंग बदललं, तीन लाख लागले, आणि स्कॅन झाल्यावर मूळ कागद दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत गेले. उद्या हे घर विकलं, सासऱ्यांनी किंवा पुढे तुमच्या मिस्टरांनी, तर भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च नफ्यातून वजा होतो. रंगकाम त्यात धरत नाहीत, वाढवलेली खोली धरतात. तीन लाख वजा करता आले नाहीत तर आजच्या साडेबारा टक्के दराने ३७,५०० रुपये जादा कर, वर सेस. घर २३ जुलै २०२४ च्या आधीचं असल्याने इंडेक्सेशनसह २० टक्के हा दुसरा पर्यायही आहे. तो घेतला तर २००९ चे तीन लाख महागाईने फुगवून धरले जातात, म्हणजे ती बिलं आणखीच किमती.

ती लॅबकडून येणार नाहीत, पण कदाचित दुसरीकडून येतील. कंत्राटदाराला पैसे चेकने दिले होते का? बँकेत जुन्या स्टेटमेंटसाठी लेखी अर्ज करा. इतकं जुनं मिळेलच असं नाही, पण पासबुकं कुणी रद्दीत टाकत नाही, ती कपाटात असतील. सोसायटीकडे परवानगीचा अर्ज असेल. कंत्राटदार अजून काम करत असेल तर त्याचं पत्र घ्या. हे सगळं एका फाइलीत लावून सीएला दाखवा. या कामाला पेट्रोल आणि दोन शनिवार लागतील.

राहिला कुलवृत्तांत. त्याची किंमत कशी करायची? विमा कंपनी करते तशी: तीच वस्तू पुन्हा उभी करायला किती लागेल? तुम्ही म्हणता, चारशे पानं झाली होती आणि २०१९ साली नातेवाइकांना दाखवायला अडीचशे पानांचा मसुदा छापून स्पायरल बाइंडिंग केला होता. तो मसुदा किमान तीन घरांत पडून असेल. पुढच्या दीडशे पानांचे भरून आलेले फॉर्म माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. पानाला चाळीस रुपये टायपिंगचे धरले तरी चारशे पानांचे सोळा हजार. प्रूफं तपासायची मेहनत वेगळी, पण ती सासरे आनंदाने करतील. नव्याने आलेल्या सुनांची आणि नातवंडांची नावंही त्यात घालता येतील, जी तशीही राहिलीच होती.

आणि सगळ्यात आधी त्या डीटीपीवाल्याला फोन करा, ज्याने २०१९ चा मसुदा लावला. या मंडळींच्या मशीनवर पंधरा-पंधरा वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका सापडते.

फोटोंना मात्र सोळा हजारांसारखा आकडा लावता येत नाही, आणि मी लावणारही नाही. बरेचसे फोनवर, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, लग्नाच्या फोटोग्राफरकडे मिळतील, बारीक आकाराचे का होईनात. पण सासूबाईंचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो फक्त त्या डिस्कवर आहेत असं तुम्ही लिहिलंय. डी ड्राइव्हसाठी पैसे खर्चायला मी हो म्हणतोय ते त्या फोटोंसाठी.

किती? त्याआधी एक प्रयत्न घरचा. डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची, स्वतंत्र पॉवरची यूएसबी केबल तपकीर गल्लीत मिळेल. दोन टीबीची एक्स्टर्नल डिस्क घ्या, ती पुढे बॅकअपलाही लागणारच. मग कॉम्प्युटरमधला जाणकार भाचा-पुतण्या शोधा आणि फोटोरेक हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवायला सांगा. नियम एकच: सॉफ्टवेअर त्या डिस्कवर टाकायचं नाही आणि परत आलेल्या फाइलीही तिच्यावर ठेवायच्या नाहीत. डिस्कमधून टकटक आवाज आला तर तिथेच थांबायचं. हा सगळा खर्च साधारण आठ-नऊ हजार, आणि त्यातली डिस्क घरातच राहते.

नाही जमलं तर लॅब. पण तिथे भाव करा. पन्नास हजारांच्या आसपासचे दर असतात ते डिस्क आतून बिघडली, उघडून दुरुस्त करायची आहे अशा कामाचे. तुमची डिस्क धडधाकट आहे. एकाच डिस्कचं काम, जीएसटीसह जास्तीत जास्त पंधरा हजार, आधी सापडलेल्या फोटोंची यादी दाखवायची, काही मिळालं नाही तर तपासणी फीपलीकडे पैसे नाहीत, आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसायची. हे सगळं लेखी. माझ्या ऑफिसातल्या एका डिस्कने २०१६ साली मान टाकली तेव्हा मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. अठ्ठावीस हजार दिले, हजारो बिननावाच्या फाइली परत आल्या, आणि हव्या होत्या त्यातल्या निम्म्या उघडल्याच नाहीत.

पंधरा हजार तुमच्या दोन लाख दहा हजारांच्या आपत्कालीन निधीतून घ्या आणि तीन महिन्यांत पाच-पाच हजारांनी भरून टाका. एफडी आणि एसआयपी दोन्ही जागेवर राहू देत. मिस्टरांना आजच सांगा. साठ हजार गुपचूप द्यायला निघालात ते डिस्कसाठी नाही, अपराधी वाटतंय म्हणून. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांचे सगळ्यात महाग निर्णय मी अशाच कारणांनी होताना पाहिलेत. सासऱ्यांच्या एक्सेलमध्ये बँकेचे पासवर्ड होते का तेही विचारा. असतील तर डिस्क घराबाहेर जाण्याआधी सगळे बदला.

एक शेवटचं, कारण इथे हमखास घोटाळा होतो. सासऱ्यांनी टायपिंग श्रीलिपीत (मराठीसाठीचं जुनं फाँट-सॉफ्टवेअर) केलं असेल तर परत मिळालेली वर्डची फाइल तुमच्या लॅपटॉपवर उघडल्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. फाइल खराब झाली समजून ती पुसू नका. तो फाँट तुमच्याकडे नसतो एवढंच. पेन ड्राइव्हवर घाला आणि त्या डीटीपीवाल्याच्या मशीनवर उघडून बघा.