‘तिखट’ला इंग्रजीत काय म्हणायचं? हॉट, स्पायसी की पंजन्ट?

हॉट म्हणा. बिनधास्त म्हणा. तुम्ही विचारलंय की परदेशी पाहुण्यांना मिसळ ‘हॉट’ आहे म्हटलं तर ते गरम समजतील का, आणि शुद्ध शब्द ‘पंजन्ट’ आहे हे खरं का. प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो, कारण या शब्दापायी माझा अर्धा मार्क गेलाय. १९८९ साली.

आठवीत होतो, सांगली जिल्ह्यात, मराठी माध्यम. सहामाहीला आवडत्या पदार्थावर दहा ओळी लिहायच्या होत्या. मी ठेच्यावर लिहिल्या. ‘ठेचा इज व्हेरी हॉट.’ गाइडमधलं नाही, थोरल्या बहिणीच्या डिक्शनरीत बघून स्वतः जुळवलेलं वाक्य. पेपर वाटताना सरांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, “काय रे, तुमच्यात ठेचा वाफाळता खातात व्हय?” सगळा वर्ग हसला. लाल पेनानं ‘हॉट’ खोडून वर ‘पंजन्ट’. (मिरच्या तव्यावर भाजतातच की, पण तेव्हा सुचलं नाही.) दहावीपर्यंत पोरं मला ‘गरम ठेचा’ म्हणायची.

२०११ मध्ये कंपनीनं सहा महिने इंग्लंडला पाठवलं, नॉरिचला. मोहरीचं गाव ते. कोलमन्स या मोहरीच्या कंपनीचा कारखाना तेव्हा तिथंच होता. मी एका म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेऊन राहत होतो. एका रविवारी त्यांनी जेवायला बोलावलं, फ्रिजमधून पिवळ्या मोहरीची बाटली काढली आणि म्हणाल्या, “जपून हं, हॉट आहे.” मी बाटलीला हात लावला. गारढोण! इंग्रज बाई, तिच्या स्वतःच्या भाषेत, गार बाटलीला हॉट म्हणत होती. त्या आनंदात मी चमचाभर मोहरी तोंडात टाकली. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जे जातं ना, तेच, दहापट. डोळ्यांतून धारा. बाईंना वाटलं मोहरीनं रडतोय.

मग मी हा विषय सोडलाच नाही. शेक्सपिअरच्या एका नाटकात विदूषक म्हणतो की आलं तोंडात हॉट लागेल. चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. मिरचीला तिखट करणारं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहकाला (गिऱ्हाईक नव्हे, रिसेप्टर, म्हणजे संवेदना टिपणारा रेणू) चिकटतं, तोच ग्राहक साधारण ४३ अंशांच्या वर भाजलं की जागा होतो. डेव्हिड ज्युलियस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तो १९९७ मध्ये शोधला, २०२१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे मेंदूला खरोखरच भाजल्याचा निरोप जातो. मोहरीचा ग्राहक वेगळा, पण इंग्रज दोन्हीला हॉटच म्हणतात.

आणि आपण तरी काय वेगळं म्हणतो? तिखटजाळ. त्यातला जाळ कुठून आला? तोंडाची आग झाली, जीभ पोळली, हे काय गरम चहाबद्दलच बोलतो का आपण? शुद्ध शब्दाचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी आपला ‘कडू’ बघावा. तो आलाय ‘कटु’वरून, आणि आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट. त्रिकटु म्हणजे सुंठ, मिरी, पिंपळी. यात कडू काय आहे? चवीचे शब्द असेच सरकतात.

पंजन्ट चूक नाही. शास्त्राच्या पुस्तकात मिरचीला तोच शब्द असतो. पण बोलताना तो बहुतेक उग्र वासाला वापरतात, लसूण, हिंग, जुनं चीज वगैरे. मिसळ पंजन्ट आहे म्हणालात तर पाहुणे आधी वास घेतील. स्पायसी चालतं, अमेरिकन लोक सर्रास म्हणतात, पण त्यात मसालेदारही येतं. बिर्याणी अजिबात तिखट नसून स्पायसी असू शकते. हॉटनं गोंधळ होतो हे मात्र कबूल. ते लोक स्वतःच एकमेकांना विचारतात, ‘हॉट’ म्हणजे गरम की तिखट? मिसळ तर दोन्ही असते, त्यामुळे ‘स्पायसी हॉट’ म्हणून मोकळे व्हा.

परत आल्यावर सरांच्या घरी गेलो होतो. निवृत्त झाले होते. बाकी सर उत्तम, व्याकरण त्यांनीच पक्कं केलं, हे सांगायलाच हवं. बाटलीची गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, “अरे, त्यांचं इंग्रजी आता पहिल्यासारखं राहिलं नाही.”

अर्धा मार्क राहिलाच. पाहुण्यांसमोर मिसळीबरोबर दही ठेवा, पाण्यावर भागवू नका. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. आणि हे सगळं शाळेच्या परीक्षेसाठी विचारलं असेल, तर पेपर कोण तपासणार ते आधी बघा.