टीकेइंटरमध्ये (पायथनची विंडो बनवायची लायब्ररी) फॉर लूपमधून लेबलचा मजकूर बदलला तरी विंडोत जुनाच का दिसतो, आणि डॉक्युमेंटेशन लिहिताना पर्यायाचं (मजकूर, रंग वगैरे) डीफॉल्ट कुठे बघायचं?

टीकेइंटरमध्ये मजकुराची साठवलेली किंमत त्याच क्षणी बदलते. 'सीगेट' (पर्यायाची सध्याची किंमत सांगणारी मेथड) वापरून विचारून बघा, नवीच मिळेल. रंगवायचं काम मात्र रांगेत पडतं आणि इव्हेंट लूपला (क्लिक, रंगवणं अशी कामं एकेक करून हाताळणाऱ्या चक्राला) उसंत मिळाली की होतं. तुमचा फॉर लूप ती उसंत देतच नाही. तात्पुरतं भागवायचं तर लूपमध्ये 'अपडेट_आयडलटास्क्स' बोलवा, म्हणजे रांगेतलं रंगवणं लगेच उरकतं. खरा उपाय म्हणजे कामाचे तुकडे करून ते 'आफ्टर'ने (ठरावीक वेळानंतर फंक्शन चालवणारी मेथड) चालवणं. नुसतं 'अपडेट' टाळा, त्यात बटणाचे क्लिकही मध्येच घुसतात (मी यात एकदा चांगलाच पोळलोय).

डीफॉल्टसाठी 'कॉन्फिगर'ला पर्यायाचं नाव द्या. पाच घटकांचा टपल (न बदलणारी यादी) येतो: चौथा डीफॉल्ट, पाचवा सध्याची किंमत. डॉक्युमेंटेशनमध्ये पार्श्वरंगाचं डीफॉल्ट मात्र एकच म्हणून लिहू नका, ते प्लॅटफॉर्मनुसार बदलतं.