जुनी गाडी घेताना पत्र्याची पाठ बघा

जुन्या गाडीचा लपवलेला गंज आणि त्यावरची मलमपट्टी याविषयी वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न : पसंत पडलेल्या गाडीच्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला ५-६ मिलिमीटरचे तीन-चार फुगे आहेत. मालक म्हणतात, नुसता रंग फुगलाय, टचअप करून देतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : टचअप करून घेऊ नका. तो झाला की तुमचा पुरावाच जाईल. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला खालून ढकलतो. चाकाच्या कमानीत बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या दुमडीत चिखल आणि ओल साचून राहते, रंग मात्र नीट पोचलेला नसतो. त्यामुळे गंज आतून सुरू होतो आणि बाहेर फुगा दिसेपर्यंत पत्रा बहुधा आरपार गेलेला असतो. बाहेर नखाएवढं दिसत असेल, तर आत तळहाताएवढं गेलंय असं धरून चाला.

फुग्यावर अंगठ्याने दाबा. मऊ लागलं किंवा करकर आवाज आला, तर खाली धातू उरलेला नाही. मग कमानीच्या आत हात घालून कड चाचपा. सुजलेली, खरखरीत, पापुद्रे सुटणारी कड म्हणजे गंज जुना आहे. त्यानंतर डिकीतलं अस्तर बाजूला करून हीच जागा आतून टॉर्चने बघा. गंज नुसता बाहेरच्या कडेला असेल, तर कापून नवा तुकडा जोडता येतो. आतल्या चाकघरापर्यंत किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या बैठकीपर्यंत गेला असेल, तर काम फार मोठं आहे. भाव करताना कापून जोडण्याच्या कामाचा खर्च धरा, टचअपचा नाही.

बॉनेटवर खडा उडून झालेला तपकिरी ठिपका याहून वेगळा. तो बाहेरून आत जातो, त्याच्या मध्यभागी रंग उडालेला दिसतो आणि वेळेवर घासून प्रायमर मारला तर तिथेच थांबतो. अशा ठिपक्यांपायी चांगली गाडी सोडू नये.

प्रश्न : लोहचुंबक आणि रंगाची जाडी मोजणारं यंत्र, यांपैकी काय वापरावं? आकडे कसे वाचायचे?

उत्तर : चुंबक स्वस्त आणि बरा, पण कमजोरच घ्या, फ्रिजवर चिकटवतात तसला. ताकदवान चुंबक दोन मिलिमीटर पुटीतूनही (पुटी म्हणजे पत्र्यातले खड्डे भरायचा लेप) पत्रा ओढतो आणि तुम्ही फसता. मऊ फडक्यात गुंडाळून दाराच्या वरपासून खालपर्यंत सरकवत न्या. जिथे पकड एकदम सैल होते, तिथे खाली काहीतरी भरलेलं आहे. अॅल्युमिनियमच्या बॉनेटवर आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर चुंबक चिकटणारच नाही. त्यावरून अनुमान काढू नका.

यंत्र जास्त सांगतं. कारखान्यातला रंग बहुतेक गाड्यांवर ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. २०० ते ३०० दिसले तर तो भाग पुन्हा रंगवलेला आहे. ५०० च्या पुढे पुटी समजावी. १,००० मायक्रॉन म्हणजे अख्खा एक मिलिमीटर. आधी टपावर मोजा, कारण टप सहसा पुन्हा रंगवला जात नाही आणि तो आकडा तुलनेला धरता येतो. मग प्रत्येक भागावर पाच-सहा जागी मोजा. दारांचा खालचा वीतभर पट्टा, कमानींची कड आणि दार उघडल्यावर दिसणारी चौकट चुकवू नका.

महत्त्व एकट्या आकड्यापेक्षा आकड्यांमधल्या फरकाला आहे. सगळ्या दारभर २५० असेल, तर ओरखडा पडला म्हणून रंगवलं असेल. त्यात गैर काही नाही. दारावर सगळीकडे ११० आणि खालच्या कोपऱ्यात ९००, हे मात्र गंजाचं भोक बुजवल्याचं लक्षण आहे. पुटी दोन-तीन मिलिमीटरपर्यंत आणि तीही शाबूत पत्र्यावरच भरायची असते. भोकावर भरलेली पुटी मागच्या बाजूने ओल शोषत राहते आणि कडेने पुन्हा फुगे येतात.

एक मर्यादा लक्षात असू द्या : यंत्र पत्र्याच्या फक्त वरच्या बाजूचं सांगतं. आतून कुजत आलेला पत्रा वर १२० मायक्रॉनच दाखवील.

प्रश्न : गाडीचा तळ नुकताच काळ्या कोटिंगने चकचकीत केलेला आहे. ही चांगली निगा समजायची ना?

उत्तर : विक्रीच्या तोंडावर केलेलं कोटिंग निगा म्हणून धरू नका. चांगलं काम करणारा आधी तळ धुतो, वाळवतो, सुटा गंज खरवडतो, सायलेन्सर, रबरी बुश आणि ब्रेकचे पाइप झाकतो आणि मगच फवारतो. घाईत काम उरकणारा सरसकट सगळ्यावर फवारतो. नटबोल्ट, रबर आणि सायलेन्सरही काळे झालेले दिसले, तर कोटिंगखाली काय आहे हे फवारणाऱ्यालाही बघायचं नव्हतं. ओल्या गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत कोंडतं आणि गंज अधिकच पसरतो.

मालकाची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने जागोजागी हलके ठोका. शाबूत पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला किंवा पुटी भरलेला बद्द वाजतो. मालक कोटिंगच्या आधीचे फोटो दाखवू शकले तर उत्तम. तपासूच देत नसतील तर दुसरी गाडी बघा.

प्रश्न : दारांखालच्या सिलला वेल्डिंग करून नवा पत्रा लावलाय असं विक्रेत्याने स्वतःहून सांगितलं. काम चांगलं झालंय की नाही, हे कसं ओळखावं?

उत्तर : स्वतःहून सांगितलं ही जमेची बाजू. आता काम तपासा. सिल म्हणजे नुसती शोभेची पट्टी नाही. दोन-तीन पत्र्यांची ती बंद पेटी आहे आणि मोनोकॉक गाडीत, म्हणजे वेगळी चौकट नसून बॉडीच भार पेलते अशा गाडीत, मधल्या भागाचा बराच भार तीच पेलते. बाजूने धडक बसली तरी तीच आड येते. म्हणून कोणती दुरुस्ती केली हे फार महत्त्वाचं.

योग्य काम असं होतं. गंजका भाग शाबूत धातू लागेपर्यंत कापतात. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीला आडवा आधार देतात, नाहीतर गाडी मधोमध झुकते आणि नवा पत्रा त्या झुकलेल्या अवस्थेतच जोडला जातो. आतला पत्रा गंजला असेल तर आधी तो, मग बाहेरचा. पत्रा मूळ जाडीचाच हवा. बहुतेक गाड्यांत ती १ मिलिमीटरच्या आसपास असते. एका दमात लांब वेल्डिंग ओढलं तर पत्रा तापून वाकडा होतो, म्हणून थोड्या थोड्या अंतरावर टाके घालत, आलटूनपालटून सांधा पुरा करतात. मग प्रायमर, सांधे बुजवणारं सीलंट, रंग आणि शेवटी पेटीच्या आत गंज रोखणारं मेण.

हे शेवटचं पाऊलच हमखास गाळलं जातं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं की सांध्याजवळचं जस्त उडून जातं. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि पोलाद वितळायला साधारण १,५०० अंश लागतात. म्हणजे सांध्याची मागची बाजू उघडी पडलेलीच असते. तिथे मेण पोचलं नाही, तर नव्या पत्र्याचा गंज नेमका सांध्यापासून सुरू होतो.

वाईट कामाचे प्रकार ठरलेले आहेत. गंजक्या सिलवरच दुसरा पत्रा चढवणे हा सर्वांत प्रचलित. दोन पत्र्यांच्या मध्ये ओल साचते आणि दोन्ही कुजतात. भोकात फोम भरून वर पुटी लावणे हा त्याहून वाईट, कारण फोम ओल धरून ठेवतो. जाळी किंवा फायबरग्लास चिकटवून रंग मारलेला असेल, तर ताकदीच्या दृष्टीने तिथे काहीच नाही.

तपासायला सिलच्या आतल्या बाजूची रबरी बुचं काढा आणि ५ ते ८ मिलिमीटर जाडीचा कॅमेरा आत सोडा. मोबाइलला जोडायचे असे कॅमेरे सहज मिळतात. आत जुना, पापुद्रे सुटलेला पत्रा नव्यामागे तसाच दिसला की समजा, नुसतं झाकलंय. खालच्या कडेवर कारखान्यातले वेल्डिंगचे गोल टाके ठरावीक अंतराने दिसायला हवेत. दुरुस्तीत त्यांच्या जागी भोकातून भरलेले टाके येतात. ते नीटनेटके आणि तेवढेच असतील तर हरकत नाही. सलग गुळगुळीत कड म्हणजे बहुधा वर पुटी आहे. पाणी निघून जायची भोकंही मोजा. ती बुजवलेली असतील तर सिलमध्ये पाणी साठणारच.

आणखी एक चाचणी. दार लावून त्याच्या चारही बाजूंची फट बघा, मग जॅकच्या ठरलेल्या जागेवर गाडी त्या बाजूने सावकाश उचला. फट ठळकपणे बदलली किंवा दार अडकायला लागलं, तर बॉडीची ताकद गेलेली आहे. जॅक लावताच सिल कुरकुरली किंवा आत दबली, तर तिथेच थांबा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. खालून बघायचं तर रॅम्प किंवा पक्के स्टँड हवेत.

प्रश्न : समोरून धडकून दुरुस्त झालेली गाडी रंगावरून ओळखू येत नाही. काय बघावं?

उत्तर : बॉनेट उघडा आणि रंगाकडे नाही, बोल्टकडे बघा. फेंडर आणि बॉनेटच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवरचा रंग कोपऱ्यांशी तडकलेला असेल, तर ते कधीतरी खोलले आहेत. खोलणं म्हणजे अपघातच असं नाही, पण मग पुढे तपासा. दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे चाकांच्या आतला उभा पत्रा, एकमेकांशी ताडून बघा. एका बाजूला सीलंट यंत्राने ओढल्यासारखं एकसारखं आणि दुसऱ्या बाजूला ब्रशने फासलेलं असेल, किंवा एकीकडे टाके स्पष्ट आणि दुसरीकडे घासून सपाट केलेले असतील, तर ती बाजू बदलली आहे. सरळ रेषेत असायला हव्या अशा पत्र्यावर चुणी दिसली, तर तो ठोकून सरळ केलेला आहे.

दोन्ही हेडलाइटवरच्या आणि सर्व काचांवरच्या निर्मितीच्या खुणा जुळवा. रबरी बीडिंग उचलून खाली वेगळ्या छटेचा रंग आहे का, तेही बघा. पत्र्याशी डोळा नेऊन बाजूने पाहिलं, तर दुरुस्त भागावर रंग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत दिसतो. गाडी कोरडी आणि उजेडात हवी. ओल्या गाडीवर सगळे रंग सुंदर दिसतात.

संशय राहिलाच तर व्हील अलाइनमेंट करून छापील आकडे घ्या. डाव्या-उजव्या चाकांच्या कोनांत मोठा फरक असेल आणि तो समायोजनाने जात नसेल, तर चाकाची बैठक सरकलेली असू शकते.

प्रश्न : पायाखालचा गालिचा दमट आहे. मालक म्हणतात, एसीचं पाणी.

उत्तर : असू शकतं. एसीच्या पाण्याची नळी तुंबली की पाणी आत येतं आणि ते काम किरकोळ आहे. पण गालिचा उचलून खालचा पत्रा बघितल्याशिवाय मान डोलवू नका. पुढच्या काचेखालच्या खोबणीत पालापाचोळा अडकून पाणी आत उतरणे, दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा सुटणे, काचेची चौकट गंजणे हीही कारणं असतात. यातलं शेवटचं महाग, कारण काच काढून चौकट दुरुस्त करावी लागते. ओल गोडसर वासाची आणि चिकट असेल तर ते हीटरमधलं कूलंट आहे.

पुरात बुडालेल्या गाडीची लक्षणं वेगळी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागावर चिखलाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या रुळांवर, डॅशबोर्डखालच्या न रंगवलेल्या स्क्रूंवर गंज, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आणि वायरींच्या जोडांत हिरवट थर सापडला तर गाडी घेऊ नका. पत्रा दुरुस्त होईल, वायरिंग वर्षानुवर्षं त्रास देत राहील.

प्रश्न : ब्रेकच्या पाइपांवर गंज दिसला. चालेल?

उत्तर : फडक्याने पुसला जाणारा तपकिरी थर चालेल. नखाने पापुद्रे निघत असतील आणि खाली खड्डे असतील, तर पाइप बदलल्याशिवाय चालवू नका. क्लिपांच्या खाली आणि इंधनाच्या टाकीच्या वर खास बघा. इंजिन चालू ठेवून पेडल ३० सेकंद जोराने दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर (पेडलच्या दाबाने ब्रेकचं तेल ढकलणारा भाग) गेलाय. खाली गेलं नाही म्हणून पाइप चांगला असं मात्र ठरत नाही. बदलताना एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत अख्खा पाइप बदला, मधे तुकडा जोडू नका. तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा पाइप गंजत नाही आणि सहज वळतो. टोकाचा फ्लेअर, म्हणजे जोडात बसणारं पसरवलेलं तोंड, मूळ होता तसाच हवा.

प्रश्न : गाडी घेतली, पत्रा शाबूत आहे. तसाच राहावा म्हणून काय करू?

उत्तर : आधी दारांची, सिलची आणि काचेखालच्या खोबणीची निचऱ्याची भोकं बारीक तारेने मोकळी करा. मग तळ आणि कमानींची आतली बाजू धुवा आणि गाडी उन्हात पूर्ण वाळू द्या. त्यानंतर लांब नळीच्या नोझलने सिल, दारांचे खालचे भाग आणि डिकीच्या झाकणाची कड यांत पोकळीत मारायचं मेण फवारा. नळी टोकापर्यंत घाला आणि फवारत सावकाश मागे ओढा. उबदार दिवशी मेण सांध्यांत चांगलं झिरपतं. सीटबेल्टची यंत्रणा, काचांचे रूळ आणि ब्रेक यांवर ते जाऊ देऊ नका. दुसऱ्या दिवशी भोकं पुन्हा तपासा, मेणाने बुजली असतील तर मोकळी करा. दोन-तीन वर्षांनी कॅमेरा आत घालून बघा आणि थर गेला असेल तिथे पुन्हा मारा. समुद्राच्या खाऱ्या हवेत किंवा बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गाडी चालत असेल, तर हे दर वर्षी बघा आणि तळ वरचेवर साध्या पाण्याने धुवा.