पंचवीस लाखांत भाड्यासाठी घर घ्यायचंय? आधी भाडेकरू कोण, ते ठरवा

स्वतःचं घर आहे, पंचवीस लाख हाताशी आहेत आणि नागपुरात वांजरी किंवा तरोडीकडचं पंतप्रधान आवास योजनेतलं घर वहिनींच्या, म्हणजे तुमच्या पत्नीच्या, नावावर घेऊन भाड्याने द्यावं का, असं तुम्ही विचारलंय. त्या वाटेला जाऊच नका. योजनेत पती, पत्नी आणि अविवाहित मुलं मिळून एक कुटुंब धरतात आणि त्या कुटुंबाचं देशात कुठेही पक्कं घर नसावं लागतं. नाव वहिनींचं टाकलं म्हणून अट सुटत नाही. खोटं प्रतिज्ञापत्र तेवढं गळ्यात पडतं. आणि ती घरं कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्यांसारख्या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आहेत. त्यांच्या वाट्याचं आपण घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

जीएसटीचं वेगळं आहे. तिथे घेणाऱ्याचं उत्पन्न बघत नाहीत, घर बघतात. नागपुरात बांधकाम चालू असलेला फ्लॅट ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, एरवी ५ टक्के. बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला मिळालेल्या घराला जीएसटीच नाही. म्हणून तुमच्या बजेटमध्ये मी तयार, रिसेलचा फ्लॅट बघेन. भाडं लगेच सुरू होतं आणि ताब्याची वाट बघावी लागत नाही.

आता भाड्याचा हिशोब. महिना ८,००० भाडं धरा. वर्षात एक महिना घर रिकामं जाणारच, म्हणजे ८८,००० आले. मेंटेनन्सचे १२,००० आणि घरपट्टी, रंगरंगोटी, नळदुरुस्तीचे १०,००० वजा केले की उरतात ६६,०००. पंचवीस लाखांवर हे पावणेतीन टक्केही होत नाहीत. कर्ज काढून घेतलंत तर व्याज यापेक्षा कितीतरी जास्त जाईल. म्हणून स्वस्त घरात खरी कमाई ते रिकामं न राहण्यात आहे.

घर भरलेलं राहतं ते कामाच्या जागेमुळे. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीतला कामगार, मिहान या उद्योग-क्षेत्रात नोकरी करणारी पोरं, मेडिकल कॉलेज रुग्णालयाच्या आसपासचा स्टाफ, यांतला तुमचा भाडेकरू कोण ते आधी ठरवा आणि त्याला रोज जाता-येता परवडेल अशाच भागात घर शोधा.

फ्लॅट बघायला मे महिन्यात, भर दुपारी जा. वरच्या मजल्यावर स्लॅब किती तापतो ते भिंतीला हात लावला की समजतं. कूलर बसेल अशी खिडकी किंवा गॅलरी आहे का आणि तिथपर्यंत पाण्याचा नळ येतो का, हे बघा. नागपूरचा भाडेकरू हेच आधी विचारतो. बेसा, पिपळा या मनपा हद्दीबाहेरच्या भागांत उन्हाळ्यात टँकर येतो का आणि त्याचे पैसे कोण देतं, हे बिल्डरला नाही, तिथे राहणाऱ्या बाईमाणसांना विचारा.

कागदांत प्लॉटचं आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र) किंवा मंजूर लेआउट, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलाकडून तपासून घ्या. आरएल नसलेल्या लेआउटवरच्या घराला बँका सहसा हात लावत नाहीत. उद्या विकायला निघालात तर गिऱ्हाईक तिथेच अडतं. भाडेकराराची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, ओळखीचा भाडेकरू असला तरी ती कराच.

वहिनींच्या नावावरच घ्यायचं असेल तर रिसेल फ्लॅट खुशाल घ्या. महाराष्ट्रात महिलेच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पंचवीस लाखांवर ते २५,००० होतात.