दुकानदार म्हणाला ‘बिनधास्त लावा’, आणि स्क्रीन काळीच राहिली

प्रश्न : मी सांगलीत घरून लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करतो. अठरा दिवसांपूर्वी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून ३१,५०० रुपयांचं ग्राफिक्स कार्ड आणलं. बसवल्यावर पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. जुनं कार्ड परत लावलं की चित्र येतं. दुकानदार म्हणतो, तुमच्या ४५० वॅटच्या एसएमपीएसमुळे (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा भाग) कार्ड गेलं. शिवाय बिलावर छापलंय, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. कार्डाच्या खोक्यावर ५५० वॅटची एसएमपीएस लागते असं लिहिलंय, हे मी नंतर पाहिलं. खरेदीआधी मी व्हॉट्सअ‍ॅपवर मदरबोर्ड आणि एसएमपीएसचे फोटो पाठवून ‘यावर कोणतं कार्ड चालेल?’ असं विचारलं होतं. त्यानेच हे कार्ड सुचवलं आणि लिहिलं, ‘चालेल, बिनधास्त लावा.’ पॉवरचा कन्व्हर्टरही त्यानेच दिला. पैसे बुडाले का?

उत्तर : नाही बुडाले. पण नोटीस लिहायला बसण्याआधी हे कार्ड दुसऱ्या, पुरेशा एसएमपीएसच्या मशीनवर लावून पाहायला हवं. ओळखीच्या तंत्रज्ञाकडे जा आणि सगळं व्हिडिओत घ्या: कार्डावरचा सीरियल नंबर, बसवणं, एसएमपीएसचं लेबल, केबल. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या पोर्टमध्ये राहिलेली नाही, कार्डाच्याच पोर्टमध्ये आहे, हेही दिसू द्या. माझ्याकडे आलेल्या एका अशिलाचा सगळा तंटा या एका केबलवर उभा होता. ती बदलली आणि चित्र आलं. तुमचा मदरबोर्ड जुना असेल तर बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून किंवा सेटिंग बदलूनही काही वेळा प्रश्न सुटतो, तेही तंत्रज्ञाला विचारा. एक मात्र करू नका. कार्डाचे स्क्रू खोलू नका, स्टिकरला हात लावू नका. उद्या ‘ग्राहकानेच छेडछाड केली’ म्हणायला ती आयती संधी होईल.

ही चाचणी मी वकील असून सांगतोय, कारण तिच्यावर तुमच्या तक्रारीचा पाया ठरतो. चांगल्या मशीनवरही स्क्रीन काळीच राहिली, तर मालच सदोष असल्याचं तुम्ही म्हणू शकता. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये ‘दोष’ म्हणजे काय ते दिलं आहे. दुकानदार म्हणेल की एसएमपीएसने जाळलं. पण ती एसएमपीएस फोटोत पाहून होकार देणारा आणि कन्व्हर्टर हातात ठेवणारा तोच आहे.

कार्ड तिथे चाललं, तर ‘माल सदोष आहे’ असं लिहू नका. ते खोटं ठरेल आणि उरलेली बाजूही लंगडी पडेल. तेव्हा तक्रार अशी, की माझ्या कामाला आणि माझ्या मशीनला न चालणारी वस्तू मला सुचवून विकली. माल विक्री कायदा, १९३० चं कलम १६ इथे उपयोगी पडतं. आपली गरज सांगून, विक्रेत्याच्या जाणकारीवर भिस्त ठेवून त्याच्या नेहमीच्या धंद्यातली वस्तू घेतली, तर ती त्या गरजेला योग्य असावी अशी अट कायदाच गृहीत धरतो. तुम्ही अमुक मॉडेलच द्या म्हणून हट्टाने मागितलं असतं, तर त्याच कलमातल्या अपवादात त्याला पळवाट मिळाली असती. तुम्ही ‘कोणतं चालेल’ विचारलंत आणि निवड त्याने केली. म्हणून तो मेसेज मला बिलाइतकाच मोलाचा वाटतो. तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. चॅटची प्रिंट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर बांधलेला नसतो, तरी ही कसर ठेवू नये. खोक्यावरचा ५५० चा आकडा तो तुमच्यावर उलटवेल, हे धरून चाला; त्याचं उत्तरही हेच, की जाणकार माणसाने फोटो पाहून हो म्हटलं.

बिलावरच्या त्या छापील ओळीला घाबरू नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलात मुदत दिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. ‘परत घेणार नाही’ ही काही मुदत नव्हे, तेव्हा माझ्या मते तुम्हाला ३० दिवसच लागू होतात.

‘एडिटिंग हा धंदा आहे, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ असंही समोरून येईल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली तर ती व्यापारी हेतूची धरत नाहीत, हे कलम २(७) च्या स्पष्टीकरणातच आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात त्याचा अर्थ उलगडून सांगितला आहे. तक्रारीत स्पष्ट लिहा: मी एकटा काम करतो, याच कमाईवर घर चालतं.

मुंबईला खेपा घालायची गरज नाही. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. दुकानदाराबरोबर कार्डाचा उत्पादक किंवा आयातदारही सामनेवाला करा. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. गरज वाटली तर आयोग कार्ड सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. काही दुकानदार तेवढ्यानेही बोलायला येतात. मागणी किंमत परत, प्रवासखर्च आणि माफक भरपाई एवढीच ठेवा. हातची लग्नं गेली असतील तर त्या गिऱ्हाइकांचे मेसेज जोडा. पुराव्याशिवाय मोठा आकडा लिहिलात तर खऱ्या आकड्यावरही शंका येते.

दुकानदार ‘कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला टाका’ म्हणाला तर टाकायला हरकत नाही, पण जॉब शीटशिवाय (दुरुस्तीला दिल्याची पावती) कार्ड हातातून सोडू नका. शीटवर सीरियल नंबर आणि ‘बाह्य नुकसान नाही’ हे शब्द तिथेच लिहून घ्या. सोनेरी पिनांचा फोटो काउंटरवरच काढा. पिन जळालेली होती, हा शेरा मागाहून लिहिला जातो आणि तेव्हा तुमच्या हातात काही नसतं.

अठरा दिवस गेले, बारा उरले. चाचणी या दोन दिवसांत करा आणि कार्ड परत घेऊन पैसे द्या अशी लेखी मागणी स्पीड पोस्टने व व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. पोस्टाची पावती बिलाला टाचून ठेवा.